देठ नसलेलं

अंधेरी,
मंगळवार

प्रिय सगुणा,

फोनच करणार होते, पण श्यामसुंदर निवृत्त झाल्यापासून आमच्या दोन खोल्यांत नवऱ्यापासून लपवून बोलायला जागा उरलेली नाही. शिवाय माझा आवाज जरा हलला की तू लगेच ओळखतेस. म्हणून ही चिठ्ठी बाजारात तुझ्या सुनेजवळ देतेय. नमिता वर्सोव्याला पोचेपर्यंत ती उघडणार नाही, एवढा विश्वास आहे.

मागच्या आठवड्यात माझ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. एक गाठ सापडली. रिपोर्टात तिच्यामागे 'सेसाइल' असं लिहिलंय. बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिला. सेसाइल म्हणजे देठ नसलेलं, थेट फांदीला चिकटलेलं पान. प्राण्यांतही चालतो तो. तुमची कालवं सेसाइलच, जिथे बसली तिथेच जन्म काढणारी.

श्यामसुंदरनी अर्थ विचारला तेव्हा ते मारुतीसाठी रुईच्या पानांचा हार ओवत होते. मी त्यातलंच एक पान उचललं, देठ नाही ते दाखवलं आणि शिकवायच्या भरात इतकं सोपं करून सांगितलं की त्यांचा चेहराच उजळला. एवढंच ना, म्हणाले, आणि पुढचं पान घेतलं. स्वरदालाही फोनवर त्यांनीच समजावलं, रुईच्या पानासकट. आता लेकही निर्धास्त आहे. माझी हुशारी माझ्याच अंगाशी आली बघ. कारण डॉक्टर पुढे जे बोलले ते मी गिळून टाकलं. देठाची गाठ देठाशी कापून निघते, ही पसरून बसते, कडा नीट कळत नाहीत. काढली आहे, पण ती कसली होती आणि मुळाशी काही राहिलं का, हे गुरुवारी कळेल.

तेव्हापासून मला ओहोटीचे ते खडक दिसतात. सातवीत शाळा बुडवून तू मला न्यायचीस. कोयतीच्या टोकाने कालवाची वरची कवची उडवायचीस, मांस डब्यात टाकायचीस. खालची कवची खडकालाच राहायची. मी ती खरवडत बसायचे, नखं तुटायची, आणि तू हसायचीस, ती कधी निघत नसते म्हणून. मला भीती वाटते गं. भाजी चिरताना, दाराला कुलूप लावताना, सारखी.

गुरुवारी दहाला घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यापाशी ये, डॉक्टर तिथेच जवळ बसतात. तुझा बाजार बुडेल, ठाऊक आहे. घरी मी मैत्रिणीकडे जाते असं सांगितलंय, ते काही खोटं नाही. यांना किंवा स्वरदाला नेलं तर ते आधी कागद वाचतील, आणि मग मलाच त्यांना धीर देत बसावं लागेल. तुला इंग्रजी येत नाही. तू कागदाकडे बघणारच नाहीस, माझ्याकडे बघशील. त्या खोलीत मला असं एक माणूस हवंय, ज्याला मला काही समजावून सांगावं लागणार नाही.

तुझीच,
कुंदा