ग्राहकाने हसून फोन ठेवला

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करून बघणार, आत झुरळ तर नाही ना म्हणून. नाहीये. शाळेत निबंध दहा ओळींच्या पुढे कधी गेला नाही माझा, त्यामुळे शुद्धलेखनाला हसायचं तर हसून घे. पुढे हसण्यासारखं फार नाही.

तू शिवणकामासाठी भाड्याने घेणार आहेस तो गाळा मी काल पाठीमागच्या दरवाज्याने परत बघून आलो. तू म्हणतेस तशी खिडकी आहे खरी, मशीन तिथे ठेवलं तर उजेड डाव्या हाताने येईल. सात वर्षं तू कपाटामागे बसून शिवतेस. सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवतात आणि तू मशीनचा. त्या खिडकीसाठी तू धाग्यांच्या डब्यात पंचेचाळीस हजार साठवलेस, हे दाजींनासुद्धा माहीत नाही, मला माहीत आहे. म्हणून तर हात चालत नाहीये.

सुरुवातीपासून सांगतो. भरतकामाचं मशीन तू जुन्या क्रेडिट कार्डावर घेतलंस तेव्हा ऐंशी हजार झाले. महिन्याला तीन हजार भरायचीस आणि त्यातले चोवीसशे नुसते व्याजातच जायचे. सहाशे रुपयांनी डोंगर पोखरत होतीस तू. मी मोबाईल दुरुस्त करणारा माणूस, हिशोबात ढ, पण दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की दुसरी बँक ती थकबाकी स्वतःच्या कार्डावर घेते, वर्षभर शून्य टक्के व्याज. मी मिशा नसताना मिशांना पीळ देत तुझ्याकडे आलो. तू विचारलंस, फुकट का करतील मेले? फुकट नव्हतंच. तीन टक्के फी, म्हणजे चोवीसशे, वर त्यावरचा कर. मी म्हटलं, अगं ताई, एका महिन्याचं व्याज दे आणि वर्षाचं वाचव. हे बरोबर होतं बघ. आजही बरोबर आहे. महिन्याला सात हजार भरले की वर्षात पाटी कोरी. फॉर्मवर पत्ता माझ्या खोलीचा टाकला, दाजींच्या हाती पाकीट पडू नये म्हणून. तेव्हा आपण दोघं किती हुशार होतो!

फक्त एक अट होती. पाच तारीख चुकवायची नाही. तुझ्या डोक्यात तारीख राहत नाही, फक्त मापं राहतात. म्हणून मी दर महिन्याच्या तीन तारखेला तो फोन करायचो. नाकात बोलून, ‘मॅडम, मी वसुली विभागातून बोलतोय, आपलं मशीन उचलायला टेम्पो निघालाय.’ पहिल्यांदा तू रडकुंडीला आलीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, साहेब, आधी नाक पुसा. आणि हसत हसत त्याच दिवशी पैसे भरलेस. चार महिने असंच चाललं. मला वाटायचं मी तुझी मस्करी करतोय. खरं तर मी तुझं कॅलेंडर झालो होतो.

मग पाचव्या महिन्यात आपलं भांडण झालं. त्या नव्या कार्डावर मी चार हजारांचे हेडफोन घेतले, शून्य टक्के आहेच की म्हणून. तर ते शून्य फक्त आणलेल्या थकबाकीला होतं, नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज. तू मला माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर झाडलंस. ‘माझ्या घामावर गाणी ऐकतोस का रे?’ मला लागलं ते. लागायला नको होतं, पण लागलं. त्या तीन तारखेला मी रुसून फोनच केला नाही.

आणि आठ तारखेला तुला फोन आला. नंतर पंधराला. नंतर वीसला. मधे तू मला मेसेज टाकलास, ‘गेला का राग, माकडा?’ मला काही कळलं नाही, मी नुसता अंगठा पाठवला. ताई, ते तिन्ही फोन मी केले नव्हते. तुला वाटलं माकड समेट करतंय. माझा फोन नेहमी दोन दिवस आधी येतो, म्हणून तू तारीखही बघितली नाहीस. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर संपवून बावीस तारखेला निवांत पैसे भरलेस. वीसपर्यंत भरले असते तर फक्त दंड लागला असता.

बँकेचं पाकीट माझ्या टेबलावर आठवडाभर स्क्रूंच्या डब्याखाली पडून होतं. परवा उघडलं. शून्य टक्के रद्द. उरलेल्या अठ्ठेचाळीस हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे जुन्या कार्डापेक्षा अर्धा टक्का जास्त. फी गेली ती गेली. मग मी शेवटची नक्कल केली. तुझ्या आवाजात बँकेला फोन लावला, तुझी जन्मतारीख, आईचं नाव, सगळं सांगितलं. विनवण्या केल्या. तिसऱ्या बँकेचंही विचारून झालं, पण उशिराचा शेरा बसलाय, कोणी दारात उभं करत नाही. फोनवरची मुलगी चांगली होती गं. तिने समोरची नोंद वाचून दाखवली. तीन वेळा संपर्क केला, तिन्ही वेळा ग्राहकाने हसून फोन ठेवला.

काल तुला माझ्याच आवाजात सांगितलं, तीनदा. तू म्हणालीस, आज अभिनय झकास जमलाय, आणि ठेवून दिलास. म्हणून हे लिहितोय. समोर यायची हिंमत नाही. बटणवाल्या काकांकडे धाग्याच्या पुडक्यात हे पत्र देतोय, सोबत बँकेचा कागद, शिक्का बघ त्यावरचा. शनिवारी गाळेवाल्याला ॲडव्हान्स देऊ नकोस. डब्यातले पैसे बँकेत भर, हेडफोन विकून आलेले अठराशे पुडक्यात आहेत, तेही घाल. खिडकी जाईल, ताई. मला दुसरा रस्ता सापडला नाही, खूप शोधला. आणि शुक्रवारी अकरा वाजता तुला बँकेतून एक फोन येईल, त्या मुलीनेच वेळ सांगितलीय. माणूस गंभीर आवाजात बोलेल, थोडं नाकात. हसू नकोस. तो माणूस खरा आहे.

तुझाच,
माकड