किप्पूरला दहा माणसं

निपाणी, ता. २ सप्टेंबर १९४२

ती. रिबका आक्का हिला,
धाकट्या रूबेनचा शालोम व स. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहितो. शाळेतल्या पोरींच्या वह्या तपासताना सख्खा भाऊ विसरलीस वाटतं. इकडे ऑगस्टपासून रोज मिरवणूक आणि रोज लाठी. काल तंबाखूच्या वखारींपुढे आम्ही बारा शिपाई आणि समोर पाचशे माणसं. जमादार म्हणून पुढे मीच. एकाच्या खांद्यावर माझी काठी मोडली, त्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मलाही कपाळावर धोंडा बसला. घाबरू नकोस, चारच टाके पडले.

टाके घातले हनोखनं. आपल्या दानिएलमामांचा मुलगा, इथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. आई राजाबाई वखारीत तंबाखू निवडणारी मराठीण, म्हणजे आपल्या भाषेत हा काळा इस्राएल. अंगात खादी. दिवसभर मी डोकी फोडतो आणि हा ती शिवतो. सुई ओढता ओढता म्हणाला की या किप्पूरचा, माफीच्या दिवसाचा, उपास बेळगावला येऊन करीन म्हणतो, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, यंदा तुमच्याकडे तेवढे आहेत का. मी म्हटलं, असोत नसोत, तुझ्या आईमुळे तू त्यांत धरला जात नाहीस. तर हसला आणि पुढचा टाका जरा जोरात ओढला. बाबांना सांग, त्यांचा मुलगा नियम विसरलेला नाही.

रजा मिळाली की येतोच. बाबांना शालोम. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा
रूबेन


बेळगाव, ता. ९ सप्टेंबर १९४२

चि. रूबेन यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

हाड मोडल्याचा आवाज आला, हे तू मला बाजारभाव कळवावा तसं कळवतोस! बाबांना ती ओळ वाचून दाखवली नाही. लहानपणी कोंबडी कापताना बघून कोपऱ्यात रडत बसणारा तूच ना रे?

इथं निम्मे पुरुष पलटणीबरोबर लढाईवर गेलेत. तुला धरून नऊच भरतात, आणि दहा नसले तर तोराचा ग्रंथ उघडायचा नाही. प्रार्थना चालवायची बाबांनी, त्यामुळे त्यांना झोप नाही. मी हनोखचं नाव काढलं तर पोथी मिटून उठून गेले. मुंबईच्या बगदादी यहुद्यांनी आपल्याला त्यांच्या दहांत धरायचं नाकारलं, तेव्हा हेच बाबा चार दिवस नीट जेवले नव्हते. आपल्याला जे इतकं लागलं तेच आपण दानिएलमामांच्या पोराला करतो, आणि वर त्याला धर्म म्हणतो. शिवाय तो खादीवाला. बाबांचं म्हणणं, आपण या देशात पाहुणे, सरकारशी इमान राखावं. दोन हजार वर्षं मुक्काम ठोकलेला पाहुणा मी तरी कुठे पाहिला नाही.

मुलीचं ऐकायची आपल्या घरात पद्धत नाही, तुझं ऐकतील. हनोखला सोबत घेऊन ये आणि दारातच सांग की हा दहावा. यंदा तोरा उघडला नाही तर म्हातारा खचेल. आणि हात आवर, रूबेन. तुझ्या हाताची मला भीती वाटायला लागली आहे.

घरचे सगळे खुशाल. आक्कावर रुसू नकोस.

तुझी
आक्का


निपाणी, ता. १६ सप्टेंबर १९४२

ती. आक्कास शालोम.

दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत लिहितो. हनोख गेला. काठी माझी होती.

काल बाजारात दगडफेक झाली आणि हुकूम सुटला. आम्ही घुसलो. दिसेल त्याला मारत होतो, एकाचे दात माझ्या बुटापाशी पडले. वखारीच्या कट्ट्याशी एक खादीवाला पाठमोरा बसून पडलेल्या हमालाचं डोकं बांधत होता. पहिली काठी मी कोण आहे ते न बघता घातली. तो वळला, डोक्यावर हात धरले आणि शमा इस्राएल म्हणून आपली प्रार्थना ओरडला.

सगळे म्हणतात, गडबडीत घडलं. साहेबांनी तर जमावाचा दगड लागला असं लिहून माझी सही घेतली. तुला खरं सांगतो. मी ऐकलं होतं. दुसरी काठी मी ते ऐकूनच घातली. हा कोण आपली शमा म्हणणारा, असा संताप आला मला. तिसरीही घातली. मग त्याचे ओठ हलायचे थांबले.

हमालानं राजाबाईंना सगळं सांगितलं असावं. प्रेत लॉरीत घालून त्या बेळगावला निघाल्या, त्याला बापाच्या कबरीशेजारी ठेवायचं म्हणून. जाताना मला म्हणाल्या की माझं लेकरू तुमच्यातलं न्हाय म्हनत हुतासा, मग तुमच्या देवाचं नाव घेतलं तवा ते तुमाला का लागलं.

किप्पूरला चार दिवस आहेत. मला माफी कशी मिळेल, बाबांना विचार. सांगतील तेवढे उपास धरतो. लोभ ठेव असं म्हणायचं तोंड नाही.

रूबेन


बेळगाव, शुक्रवार, ता. १८ सप्टेंबर १९४२

रूबेन,

आशीर्वाद लिहायला पेन तीनदा टेकवलं, उमटला नाही. शब्बाथचे दिवे लावायच्या आत हे टपालात पडायला हवं, म्हणून थोडक्यात लिहिते.

हनोखला परवा पुरलं. आपल्यातल्याच एकानं हरकत घेतली की काळ्याला भिंतीच्या कडेला ठेवा. बाबांनी त्याच्या अशी श्रीमुखात भडकावली की तो मातीच्या ढिगावर आडवा झाला. मग या वयात ते स्वतः खड्ड्यात उतरले आणि हनोखला हातांवर घेतलं. आठच पुरुष होते, त्यामुळे मेलेल्यासाठीचा कद्दिश म्हणता आला नाही. काय म्हनायचं ऱ्हायलं का, असं राजाबाई विचारत होत्या.

तुझं पत्र काल बाबांना पूर्ण वाचून दाखवलं, यावेळी एकही ओळ गाळली नाही. मग बाबा म्हणाले, माणसाविरुद्ध केलेला गुन्हा देव किप्पूरलाही माफ करत नाही, त्याची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. तो मेला असेल तर दहा इस्राएल पुरुष त्याच्या कबरीवर न्यावेत आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं कबूल करावं. उपासांनी ते भागत नाही.

तेव्हा आधी ती खोटी सही मागे घे आणि ये. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, तरी ये. मला भाऊ परत हवा आहे.

कबरीवर न्यायच्या त्या दहांसाठी बाबा एकेकाचं नाव घेऊ लागले. नववं नाव तुझं घेतलं आणि थांबले. दहावा कोण, म्हणून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, हनोख.

तुझी
आक्का