निःपक्षपाती सायकल

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. नोंदी थोडक्यात, खऱ्या आणि वेळच्या वेळी.

संपादकबाईंनी बोलावलं. दोन वर्षं मी त्यांच्या सायकल मासिकात घंटा, दिवे आणि मडगार्ड यांच्या फोटोंखालच्या ओळी लिहितेय. आज म्हणाल्या, एका नव्या छोट्या कंपनीची ट्रेल सायकल आलीय. फुल सस्पेन्शन, म्हणजे हादरे गिळायला पुढेही शॉक, मागेही शॉक, आणि तरी खिशाला परवडणारी. तीन आठवडे घरी ने, टेकडीच्या पायवाटेवरून उतरव, आणि साध्या माणसाने ही घ्यावी का ते लिही. जमलं तर परीक्षकांच्या टेबलावर तुझी खुर्ची. नाही जमलं तर घंटा आहेतच.

आमचे मुख्य परीक्षक (पडल्याच्या खुणा दाखवायला पँट कायम वर सरकवून असतात, म्हणून सगळे त्यांना गुडघेसाहेब म्हणतात) म्हणाले, थांब, दोन मिनिटांत सेटिंग दाखवतो. मी नम्रपणे नकार दिला. दुसऱ्याच्या मताची सावली नको. कंपनीची पुस्तिकाही उघडणार नाही. कंपनी स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार.

आवारात बसून पाहिलं. बसताच सायकल सोफ्यासारखी खाली गेली. प्राथमिक मत: जरा जास्तच मऊ.

रविवारी टेकडी. नक्की.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सायकल बाहेरच्या खोलीत. आमच्या घरात नवी वस्तू आधी बाबा बघतात. मिक्सर आठवडाभर नुसता टेबलावर होता, मग एकदा रिकामा फिरला, मग पाण्यावर. माझ्यातली काटेकोर वृत्ती इथूनच आली आणि तिचा मला अभिमान आहे.

बाबांचा नियम एकच. जे बंद होतं ते बंद असलं पाहिजे. जेवणं आटोपली की ते घरभर फेरी मारतात: गॅसचा नॉब, नळ, कड्या, डब्यांची झाकणं. आई म्हणते, सकाळी तोंड धुवायचं तर आधी पैलवान बोलवावा लागतो. बाबा म्हणतात, उघडं काय, कोणीही ठेवतं.

सायकलभोवतीही दोन चकरा मारल्या, इथेतिथे हात लावला, समाधानाने मान हलवली. त्यांना सायकल आवडली असं दिसतं. मी मात्र प्रभावित होणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर पहिली चाचणी. हादरा थेट अक्कलदाढेपर्यंत. सोमवारचा मऊपणा पार गायब. बराच विचार केल्यावर कारण सापडलं. सायकल माझ्या वजनाला सरावली. हे निरीक्षण आजवर कुणाच्या लेखात वाचलेलं नाही. लेखात घ्यायचं.

९ फेब्रुवारी, रविवार
टेकडी पुढे ढकलली. कारण भीती नव्हे. सपाटीवर सायकलची पूर्ण ओळख झाल्याशिवाय उतारावर नेणं हा तिच्यावर अन्याय आहे. शिवाय आभाळ जरा मळकट वाटलं.

दादा म्हणाला, आभाळाला काय झालंय, तुझा चेहरा मळकट झालाय. त्याला परीक्षणातलं काही कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
वैज्ञानिक चाचणी. हँडलला स्टीलची वाटी बांधली, वाटीत सुके वाटाणे. सस्पेन्शन चांगलं असेल तर वाटाणे वाटीतच राहायला हवेत. स्पीडब्रेकर आला आणि वाटाणे गल्लीभर झाले. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, पेरणी का गं? आई म्हणाली, सगळे वेचून आण, आणि त्या वाटीत मला उद्यापासून काही वाढू नकोस.

निष्कर्ष: कंपनीने काहीतरी दडवलंय. संशय बळावत चालला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
टेकडी झाली. म्हणजे वर गेले. चढ ढकलत पार केला, त्यामुळे सायकलच्या वजनाचा अंदाज आला (भरपूर). माथ्यावरून पायवाट पाहिली. दगड, मुळं, आणि मध्येच पायवाट दिसेनाशी होते. नीट विचार करून सायकल हातात धरून खाली आणली. चाकांची पकड उत्तम.

वाटेत दोन शाळकरी मुली आपापल्या सायकलींवरून ओरडत बाजूने खाली गेल्या. त्यांचं वजन कमी असल्यामुळे तुलना करत नाही.

दादा पायथ्याशी उभा होता. म्हणाला, बाईसाहेब, सायकल चालवायला आणली होती की हवापालटाला?

१९ फेब्रुवारी, बुधवार
संपादकबाईंनी विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, खोलात शिरलेय. म्हणाल्या, खोलात नको, उतारावर शिर.

या रविवारी कोणतंही कारण चालणार नाही. इथे लिहून ठेवते म्हणजे पलटता येणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
उतरले. सायकलवर बसून. वरपासून खालपर्यंत.

भीती अशी वाटली नाही. डोळे मिटले ते धुळीमुळे. ओरडले ते दादाला सावध करायला. प्रत्येक दगड सायकलने जसाच्या तसा माझ्यापर्यंत पोचवला, वाटेत एकही ठेवून घेतला नाही. जीभ चावली गेली. चष्मा उडाला, तो दादाने शोधून दिला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. नंतर बोलला. म्हणाला, तू उतरत होतीस तेव्हा कपाटातून भांडी पडल्यासारखा आवाज येत होता.

आता लिहायला मोकळी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
लेख दिला. त्यातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य: "या सायकलचा मागचा शॉक हा निव्वळ शोभेचा दागिना आहे." संपादकबाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, इतकं ठाम आपल्याकडे कोणी लिहीत नाही. पण कंपनी नवी आहे, ही त्यांची पहिलीच सायकल आहे, हे छापल्यावर ते उठणार नाहीत. खात्री आहे ना तुझी?

म्हटलं, आमच्या घरात वस्तू तपासल्याशिवाय वापरत नाहीत.

शुक्रवारी अंक छपाईला जातो. परीक्षकांच्या टेबलापाशी खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून ठेवली आहे. जाता-येता बसून पाहिली. मऊ आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
सायकल उद्या परत जायची, म्हणून संध्याकाळी पुसायला घेतली. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, त्यांना सांग हो, सायकल चांगल्या घरात होती. तो निळा नॉब मी रोज तपासत होतो. तूही एक दिवस उघडा ठेवला नाहीस, नाव राखलंस.

विचारलं, कुठला निळा नॉब?

पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या डोक्यावरचा. आणि सीटखाली मागच्या शॉकवर एक छोटी कळ. बाबा म्हणाले, आली तेव्हा दोन्ही उघडे होते. तुमच्या ऑफिसात सगळेच असे निष्काळजी आहेत का?

दोन्ही उघडले. बसले. सायकल सोफ्यासारखी खाली गेली.

गल्लीत काढली. स्पीडब्रेकर कधी गेला ते कळलं नाही, मागे वळून बघावं लागलं. पुन्हा गेले. मग आणखी एकदा, कामाशिवाय. समोरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या, तरी.

परत आले तर बाबा दारातच. चेहरा उतरलेला. म्हणाले, मी काही बिघडवली का गं? म्हटलं, नाही बाबा, अगदी सुरक्षित होती.

मग खोलीत बसून विचार केला. मी बंद सायकल तपासली आणि बंद सायकलबद्दल खरं तेच लिहिलं. घरोघरी माझ्या बाबांसारखे कुणीतरी असतीलच, त्यांच्या दृष्टीने लेख उपयुक्तच ठरेल. हा युक्तिवाद चहा संपेपर्यंत टिकला.

संपादकबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, गुडघ्यांनी दोनच मिनिटं मागितली होती गं. मग म्हणाल्या, आज सांगितलंस ते बरं केलंस, आणि फोन ठेवला.

१ मार्च, शनिवार
माझा लेख अंकातून काढला. त्या जागी गुडघेसाहेबांचा आला, एका दुपारीत उतरून, एका संध्याकाळीत लिहून. ते लिहितात की साध्या माणसाने ही सायकल डोळे मिटून घ्यावी. डोळे मिटून मीच उतरले होते, पण ते कुठे आलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर आता त्यांची हेल्मेटं आहेत.

मी घंटांकडे परत. मात्र काल घरी निघताना संपादकबाईंनी एक वस्तू हातात ठेवली. सायकलवर लावायची पाण्याची बाटली. म्हणाल्या, हिची परीक्षा करून बघ. हिला उतार लागत नाही.

नव्याने सुरुवात. पुस्तिका नाही, कुणाचा सल्ला नाही. काल भरून ओट्यावर ठेवली होती. आज सकाळपासून झाकण उघडत नाहीये. मी प्रयत्न केला, आईने फडकं लावून केला, दादाने दारात अडकवून केला.

पहिली नोंद: गळती अजिबात नाही.

बाबा पेपर वाचताहेत. त्यांना विचारता येईल. पण निष्कर्ष माझा स्वतःचा हवा.