आधी चिप, मग सुई

८ डिसेंबर, सोमवार

प्राजूचा फोन. व्हिडिओवर. पयला सवाल, "आई, चिंगी कुठाय?"

आई कशी हाय, बाप कसा हाय, काय न्हाय. दोन वर्सं झाली पोरीला जर्मनीत जाऊन, नर्स हाय तिथल्या दवाखान्यात, पण फोन मांजराला असतोय. दाखवली चिंगी. गव्हाणीत झोपलीती. "अगं माझी बाय ती," करत बसली. चिंगीनं कान बी हलवला न्हाय.

मग म्हणाली, आई, एक काम करशील? तिला डॉक्टरकडं न्हेऊन चिप बसवून आण.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं काय तरी. सुईनं मानंमागं कातड्याखाली घालतात. यंत्र फिरवलं की नंबर दिसतोय. कशाला, तर चिंगीला तिकडं न्यायला. चिप नसलेलं मांजर त्या देशात घेत न्हाईत.

म्हंटलं, बघू. धारंचा टाइम झालाता. फोन मालकांच्या हातात दिला आन गोठ्यात गेले.

९ डिसेंबर

कंबर धरलीया. उसाचं वाडं ओढून ओढून. कारखाने चालू हायत तवर म्हशींची चैन, माझं मरण.

धार काढताना म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडं ध्यान गेलं. सरकारी माणूस येऊन मारून गेलाता. त्यावर बी नंबर. थोरली म्हस गेल्या साली इकली, ती बिल्ल्यासकट गेली. बाजारात कुणी नाव इचारलं न्हाय तिचं. नंबर बघितला, लिवून घेतला, गाडीत चढीवली. संपलं.

चिंगी येऊन पुढ्यात बसली तोंड वासून. एक पिळा तिच्या तोंडात. नेम चुकत न्हाय माझा. मागनं सरपंच आला, तिचा भाऊ. काम काय करत न्हाय, बसतोय तेवढा, म्हणून मालकांनी ठेवलंय नाव. दोघांना प्राजूनंच आणलंतं, कॉलेजवरनं येताना गटारीच्या कडंला घावली म्हणून. ड्रॉपरनं दूध पाजायची. मी म्हंटलंतं, जगत न्हाईत ही.

१३ डिसेंबर, शनिवार

मालकांना सगळं ठावं हाय. बाप-लेकीचं माझ्या माघारी चालतंय. आज भाकरी वाढताना हळूच सांगितलं, "प्राजूनं घर बदललंय. मोठं हाय. मांजर पाळलेलं चालतंय तिथं."

"आन नोकरी?"

"कायम झाली म्हणं."

भाकरी तव्यावर करपली.

दोन वर्सं जाते, शिकते, येते. बोलणं आसं झालंतं. दोन वर्सांसाठी गेलेलं माणूस मांजर मागत न्हाय. मांजर मागतोय तो बिऱ्हाड मांडतोय.

"अगं एकटी आसती ती. जिवाला काय तरी नको व्हय?"

"मला कोण हाय?"

"मी हाय की."

"तुमी हायसा. तेच म्हणाले मी."

हसले. ह्या माणसाला राग येत न्हाय, हाच राग हाय मला.

१७ डिसेंबर

चिपचं काय झालं, प्राजूचा मेसेज. हातात येळ न्हाय म्हणून सांगितलं. खोटं काय न्हाय त्यात.

२१ डिसेंबर, रविवार

शालनवन्सं आल्या आजऱ्यावरनं. नणंद आली की मी आधी चहा ठेवते, मग बोलते. मोकळ्या तोंडानं त्यांच्याशी बोलायचं न्हाय.

तिकडचं स्थळ आणलंय प्राजूला. काजूचा कारखाना हाय घरचा, पोरगं शिकलेलं. फोटो दाखवला. वाईट न्हाय. कान जरा मोठं.

"वैनी, पोरगी कवा येणार ते एकदाचं सांग. पावणं काय जन्मभर थांबत्यात व्हय?"

"रजा मिळाली की येणार."

"आसं गेल्या दिवाळीत म्हणालीस."

तितक्यात सरपंच येऊन वन्संच्या मांडीवर बसला. नव्या साडीवर. "शीः! हाकल हे ध्यान!" त्येनं काय ऐकलं न्हाय. बरं वाटलं जरा.

मालक मधीच बोलायला लागले, "प्राजू चिंगीला तिकडं..." मी डोळं वटारलं. गप झाले. वन्संना कळलं आसतं तर सांजंपतोर सगळ्या आजऱ्यात झालं आसतं, की आमच्या उचगावची पोरगी परत येत न्हाय, मांजर सुद्दा मागवून घेतलंय.

२९ डिसेंबर

सरकारी डॉक्टर आलते, म्हशींना लाळ-खुरकताची लस द्यायला. म्हंटलं, डॉक्टर, मांजराला पिसाळल्याची सुई हाय का पेटीत? हाय म्हणाले. मग टोचा हिला.

चिंगी घावली. सरपंच कडब्याच्या गंजीवर चढला, खाली आला न्हाय.

सुई जर्मनीला जायला बी लागतीया, प्राजूनं सांगितलंतं. एक काम झालं. चिपचं नंतर बघू.

३० डिसेंबर

झालं. माझंच चुकलं.

प्राजूला सांगितलं, सुई दिली बघ. वाटलं खुश होईल. ती म्हणाली, "आई, आधी चिप. मग सुई. चिपच्या आधीची सुई धरतच नाहीत. आता चिप बसवून परत सुई द्यायला लागणार. मग महिन्यानं रक्त तपासायचं, मग परत तीन महिने थांबायचं."

"मला काय ठावं?"

"मी सांगितलं होतं."

"न्हाय सांगितलंस."

"दोनदा सांगितलं. पप्पांना विचार."

मालकांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघालते.

"तुला द्यायचीच नाही ना ती? तसं सांग की मग."

"तुझं मांजर हाय बाई, घेऊन जा. मला काय दोन जनावरं कमी हायत राखायला?"

फोन ठेवला. तिनं का मी, आठवत न्हाय.

सांगितलं आसंल तिनं. ऐकलं बी आसंल मी. पण डॉक्टर दारात आलता, पेटीत सुई होती, मांजर हाताला घावलं. ह्यात माझं मन काय होतं ते मला न्हाय सांगता येत. येत आसतं तर सातवीत शाळा सुटली नसती.

२ जानेवारी

मालक बोलालेत, पण कमी. मीठ कमी पडलं तर मागून घेत न्हाईत. तसंच खात्यात. ह्येच्यापरास भांडलेलं बरं.

७ जानेवारी, बुधवार

फोन आला. "आई, बरी आहेस? कंबर कशी आहे? पप्पांनी गोळ्या आणल्या का?"

सगळं इचारलं. चिंगीचं न्हाय इचारलं.

मीच फोन फिरवला चिंगीकडं. बघितलं तिनं. म्हणाली, "राहू दे आई, तिला. तुझ्याकडंच ठेव. इथं थंडी पण खूप आहे."

थंडी दोन वर्सं हाय तिथं. आजच कळली व्हय?

मला पायजे ते झालं. मांजर बी ऱ्हायलं. तर मग माझी भाकरी म्हशीच्या पुढ्यात का टाकली मी.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ केलं, चिकटलं. गल्लीतल्या बायका आल्या, सगळ्यांनी तेच इचारलं. प्राजू कवा? प्राजू कवा? एकीला म्हंटलं, तिकीट तू काढून दे, उद्या येईल. ती गेली तोंड फिरवून. जाऊ दे.

म्हशी रवंथ करत बसल्या, मालक येऊन शेजारी बसले. चिंगीच्या पाठीवरनं हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या एक ध्यानात आलंय का?"

"काय?"

"ही काय एकटी जाती व्हय विमानात? संगट मालक पायजे. मालक म्हणून नाव प्राजूचं. न्यायला तिलाच यायला लागतंय."

मी हातातली पाटी खाली ठेवली.

"आधी का न्हाय बोलला?"

"तू बोलू कवा दिलंस?"

म्हणजे चिप झाली आसती डिसेंबरात, तर उन्हाळ्यात पोरगी दारात आली आसती. मीच लांबीवलं. मांजर जाऊ नये म्हणून पोरगी यायची थांबीवली. आसं शहाणपण करणारी बाई पंचक्रोशीत दुसरी घावायची न्हाय.

१५ जानेवारी

आन दुसरं. रात्रभर तेच डोक्यात. आमच्यासाठी दोन वर्सात रजा मिळाली न्हाय. तिच्या बापाचा मोतीबिंदू काढला तवा न्हाय मिळाली. मांजरासाठी मिळणार.

मिळू दे. कशासाठी का मिळंना.

पण येणार ते न्यायला. आन नेलं की परत यायला हिकडं काय ऱ्हातंय? आई-बाप काय पळून जात न्हाईत, ते ठावं हाय तिला.

२२ जानेवारी

वन्संचा फोन. पावणं दुसरी पोरगी बघायला लागल्यात. "तुझ्या गप बसण्यानं गेलं हे." म्हंटलं, गेलं तर गेलं. कान मोठंच होतं.

मग दिसभर वाईट वाटलं.

२६ जानेवारी

पोरगी लहान होती तवा शेणाला हात लावत न्हवती. मी मारायची. म्हणायची, "मी न्हाय हे करणार मोठी झाल्यावर." मी म्हणायची, शीक मग. शिकली. आता कुणाला बोलू.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. गावातल्या दवाखान्यात, रिक्षा करून. चिंगी उशीच्या अभ्र्यात, सरपंच बाजारच्या पिशवीत. रिक्षावाला म्हणाला, मावशी, पिशवी बोलालीया. म्हंटलं, तू पुढं बघ.

मालक येतो म्हणालते. नको म्हंटलं. ते आले आसते तर मला तिथं रडू आलं आसतं, आन त्यांना माझ्याआधी.

डॉक्टरीण तरणी हाय, प्राजूच्याच वयाची. नखं रंगवलेली पण हात धीराचा. सरपंचानं ओरबाडलं तरी ओरडली न्हाय. सुई बघितली, म्हशीच्या सुईएवढी जाड. चिंगी एकदाच केकाटली. मग यंत्र फिरवलं, टुक्क करून नंबर आला. लांबलचक.

"मालकाचं नाव?"

प्राजूचं सांगितलं. चिंगीला.

"आणि ह्याला?"

सरपंचाला बी घातली चिप. ठरीवलं न्हवतं, म्हणजे पिशवीत घातला तवाच ठरलं आसंल. डॉक्टरीण म्हणाली, दोघं जाणार का काकू? म्हंटलं, एक जाईल, न्हायतर दोन, न्हायतर एक बी न्हाय. नंबर आसू दे.

त्याचा मालक म्हणून कुणाचं नाव घालायचं त्यावर अडकले. मग म्हंटलं, तिचंच घाला.

"रेबीजची सुई आजच देऊन टाकू?"

"आज नको. मांजर हाय, टाचण्या टोचायची उशी न्हवं."

"मग मंगळवारी आणा. त्याच दिवसापासून पुढचं सगळं धरतात. उशीर केला तर तेवढं पुढं जाईल."

मंगळवारी म्हंटलं.

घरी आल्यावर चिंगीची मान चाचपली. काय लागत न्हाय हाताला. सरपंचाची बी चाचपली. दोघं माझ्यावर रुसून गंजीवर जाऊन बसली. धारंला सुद्दा आली न्हाईत.

८ फेब्रुवारी, रविवार

प्राजूला फोन केला. मीच. सांगितलं, चिप घातली.

तिला वाटलं चेष्टा करते मी.

मग म्हणाली, "खरंच?"

"दोघांना घातली."

"सरपंचाला कशाला?"

"तू आल्यावर ठरीव, एक न्हेतीस का दोन. आयुष्यभर एका ताटात खाल्लंय दोघांनी. मी न्हाय तोडणार. तुला तोडायचं तर तू तोड."

"आई..."

"रजा मिळती का ते सांग."

"बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते आई. आधी सुई होऊ दे, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. मग तारखा कळतील. मग विचारते."

"किती दिवस ऱ्हाशील?"

"दोन आठवडे मिळतील. मिळाले तर."

मालक मागनं हातवारे कराले, आजून काय तरी इचार म्हणून. काय इचारायचं ते त्यांना बी ठावं, मला बी. परत यायचं हाय का न्हाय पोरी, कायमचं. इचारलं न्हाय. इचारलं आसतं तर ती खरं बोलली आसती. माझ्यासारखीच हाय ती त्यात.

म्हंटलं, "जेवलीस?"

"नाही अजून."

"जेव जा."

९ फेब्रुवारी

सकाळी चिंगी आली धारंला. पिळा घेतला तोंडात. सरपंच बी आला मागनं. म्हणजे मिटलं आमचं.

मालक इचारालते, उद्या सुईला किती वाजता निघायचं. म्हंटलं, उद्या वाड्याचा ट्रॅक्टर येणार हाय, उतरून कोण घेणार?

"मी घेतो की."

"तुमचा डोळा?"

"डोळ्यानं उचलतोय व्हय मी वाडं?"

सुई दिली की दिवस सुरू. प्राजूचं यायचं बी, जायचं बी. न्हाय दिली तर दोन्ही थांबलंय आपलं, जिथल्या तिथं. बराच येळ बसले. मग म्हशी वरडायला लागल्या.

अभ्रा धुवून वाळत घातलाय. उद्या सकाळपतोर वाळला तर चिंगी त्यात, न्हाय वाळला तर पिशवी हाय.