आशाच्या पाटावर ओमप्रकाश

सहदेवराव,

पातूरहून तुया भाटव्याचा, म्हणजे खुशालरावाचा, रामराम. तुयं गुडघं कसं आहे, चंदाबाईची शुगर कशी आहे, पोट्टे कसे आहेत, सारं बरंच असन. नसन तर डॉक्टरले सांग, मी काही डॉक्टर नाही. इकडं माया योगेश, सून प्रणाली, नात आचल, दोन म्हशी अन् मी, असे बंदे मजेत आहोत. झाली विचारपूस. आता कामाचं.

तू म्हणशीन, फोन असतांना हा मानूस कागद काहून खराब करून राहिला. फोनवर तू निसतं हं हं करतं, अन् मधात तुया घरामागून मालगाडी गेली का माया अर्धा जीव ओरडण्यात जाते. इकडं मी ओरडलो का प्रणालीले सयपाकघरात ऐकू येते. (सून चांगली आहे. कानही चांगले आहेत.) म्हणून आचलच्या वहीतला कागद फाडला. मी सातवीतून निंगालेला मानूस, चुका काढत बसू नको.

तर गोष्ट ओमप्रकाशची आहे. तू वळखतं त्याले, जिनिंगमधी दिवाणजी होता, मायाच गल्लीत रायते. तुयी बहीण, मायी आशा गेली अन् तिच्या मांगून त्याची बायको गेली. तवापासून तो मानूस कामातून गेला. केस काळे करते. या वयात, सहदेव. अन् मिशीही. घामानं रंग खाली उतरते तर गालावर रेघा पडते, तसाच बाजारात फिरते. बॅटरीची स्कूटर घेतली, तिचा आवाजच येत नाही, कवा बाजूले येऊन उभा रायला समजत नाही. असं वाहन चांगल्या मानसाले कायले लागते? मायी फटफटी दोन गल्ल्या आंधी समजते. कोनापासून काही लपवाचंच नाही तर आवाजाले काय भ्याचं.

हा ओमप्रकाश रोज सकाळी बस स्टँडपाशी माणिकबाईच्या फुलाच्या दुकानावर उभा असते. माणिकबाईचा नवरा जाऊन जमाना झाला, बाईनं एकटीनं दुकान चालवून पोरगी शिकवली, अकोल्याले देली. बोलाले तिखट, पण खोटं नाही बोलणार. माया वावरातला झेंडू मी तिलेच देतो, म्हणजे मायं तथी जाणं धंद्याचं आहे. सकाळी फुलं टाकाची अन् जातांना आशाच्या फोटोले एक हार घ्याचा. मायाच झेंडूचा हार मीच इकत घेतो म्हणून योगेश हासते. हासू दे. बायकोच्या फोटोले हार घालाले मी काय पोराले ईचारू?

पण ओमप्रकाशही हार घेते, त्याच्या बायकोच्या फोटोले. अन् कायचा, तर मोगऱ्याचा. त्या बाईले जितेपणी यानं कधी गजरा आणला नाही, मी शेजारी रायलो, मले सारं माहीत आहे. त्यानं मोगरा घेतला म्हणून मी झेंडूत निशिगंध टाकाले लावला. मंग त्यानं गुलाब टाकले. मंग मी एक हार सकाळचा अन् एक संध्याकाळचा असं सुरू केलं. आता फोटोचं असं झालं का निसता फुलाचा ढीग, अन् मधात तुया बहिणीचं कपाळ. आचलनं ईचारलं, आबा, आजी कोनत्या हाराखाली आहे. प्रणालीनं मुंग्याची पावडर आणून फोटोखाली टाकली.

एवढ्यावरही तो मानूस थांबला नाही. चिखलदऱ्याले गेला अन् माणिकबाईसाठी तथची कॉफी घेऊन आला. पातुरात, या उन्हात, कॉफी. अन् ते बाई पेली. मी सहज ईचारलं कशी होती, तर म्हणे, "कडू होती, पण मानसानं ध्यानात ठेवून आणली." मी तिले ढेमसे देतो, काकड्या देतो, आंबट चुका देतो, सारं पहाटे तोडलेलं, त्याले कधी म्हणे नाही का ध्यानात ठेवून आणलं. मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. (ऊन भल्लं होतं, त्याच्यानंही असन.)

आता आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं ऐक. तुले माहीत आहे, त्या दिवशी गेलेल्या मानसाच्या नावानं कोनाले तरी पाटावर बसवाव लागते. त्याचे पाय धुवाचे, कुंकू लावाचं, तो जेवला का मंग घरच्याईनं जेवाचं. आशाच्या नावानं दरसाल आमच्या गल्लीतली पार्बताबाई बसे. औंदा ते लेकीकडं नागपूरले गेली अन् तथीच रायली, तथी एसी आहे म्हणते. मी म्हटलं, त्यात काय एवढं, माणिकबाईले सांगतो. प्रणाली म्हणे, "मामाजी, आत्याबाई सवाष्ण गेल्या, त्याईच्या पाटावर सवाष्णच पायजे." मी म्हटलं, तुयी सासू जेवाले येईन का बसणारीचं कपाळ पाहाले येईन? जेवण आहे, जेवाचं, एवढे लफडे कायले. ते म्हणे, बरं, आणा.

माणिकबाईले सांगितलं तर ते ना हो म्हणे ना नाही म्हणे. हाराची गाठ मारली अन् म्हणे, "पाहू." मी त्याले हो धरलं.

आखाजीले भर दुपारी धुतलेला सदरा घालून गेलो, तर दुकानासमोर स्कूटर उभी. अन् तिच्याबाजूले ओमप्रकाश, अत्तर लावून. मी म्हटलं, काहून बे, आज काय काम? तो म्हणे, "मायी बायको जेवाची आहे, माणिकबाईले घ्याले आलो." मी म्हटलं, हट, ते मायी बायको म्हणून बसणार आहे. (बस स्टँडवर असं बोलाले नको होतं, हे मले लोकाईचे तोंडं पाहून समजलं.) मंग आमची लागली. तो म्हणे मी आंधी सांगितलं, मी म्हटलं मायी फुलं तुया स्कूटरच्या आंधीपासून येतात. अकोल्याच्या गाडीतले लोक खिडकीतून पाहून राहिले, ड्रायव्हरनं तर सुरू केलेली गाडी बंद केली.

माणिकबाई उठली. फुलावर माराची पाण्याची बाटली हातात होती, तिचं पाणी आमच्या दोघाईवर मारलं. म्हणे, "तुमच्या बायका वरतं सुखी आहेत, त्याईले तथीच राहू द्या. मी जिती आहो. मेलेल्या बाईच्या पाटावर बसाले मी कोनाकडंच येत नाही." अन् मंग मायाकडं पाहून अखीन एक बोलली, ते मांगून सांगतो.

घरी आलो तर पुरणपोळी, आमरस, कुरडया, सारं तयार. आचल भुकेनं रडकुंडीले आली, पण पाटावरचं मानूस जेवल्याबिगर कोनाले घास नाही. मी रिकाम्या हातानं आत, अन् माया मांगं ओमप्रकाश. उरलेलं भांडण घेऊन तो घरापर्यंत आला होता, मले समजलंच नाही, त्या स्कूटरले आवाज नाही ना. त्याच्या घरी सयपाक नव्हता, खानावळीतून डबा आणून ठेवला होता. (खानावळीच्या डब्यावर तो बाईले जेवाले बोलवाले निंगाला होता. हे आपल्यातच ठेव. नाही तर नको ठेवू.)

प्रणालीनं त्याच्याकडं पाहिलं, मायाकडं पाहिलं, अन् म्हणे, "काका, बसा पाटावर."

मी म्हटलं, अवं, तो पुरुष आहे.

ते म्हणे, "तुमीच म्हणाले ना, आत्याबाई कपाळ पाहत नाहीत. मंग मिशा काहून पाहतीन?"

तर सहदेव, तुया बहिणीच्या पाटावर ओमप्रकाश बसला अन् मी त्याचे पाय धुतले. कुंकू लावलं तर घामानं कुंकू अन् केसाचा रंग एक होऊन नाकावर आला. पोटभर जेव म्हणून हात जोडाव लागते, तेही जोडले, दात दाबून. अन् तो पोटभर जेवला. प्रणालीले पुन्हा तवा ठेवा लागला. आशाले एवढं जेवतांना मी कधी पाहिलं नाही. मंग हात धुता धुता डोळे पुसून म्हणे, "खुशालराव, घरची पोळी खाऊन लय दिवस झाले होते." मले दया आली, पण थोडीच आली, कारण चप्पल घालता घालता म्हणे, "संध्याकाळी हाराले येतं ना?"

येतो ना. काहून नाही येणार.

बाकी ठीक. विहिरीले पाणी कमी आहे, झेंडू बरा आहे. या वयात लोकाईनं असे चाळे करणं मले पटत नाही, मानसानं सरळ राहाव. चंदाबाईले नमस्कार, पोट्ट्याईले आशीर्वाद.

तुया भाटवा,
खुशालराव

ता. क. मांगून सांगतो म्हटलं होतं ते. माणिकबाई मायाकडं पाहून हळूच म्हणे, "मले माया नावानं बोलवाचं असन तर आशाबाईच्या भावाले घेऊन या. त्याईनं तोंडानं हो म्हटलं तर मी जेवाले येतो. अन् मंग परत जात नाही." ओमप्रकाशले हे ऐकू गेलं नाही, तवाच गाडीचा हॉर्न वाजला. तर तू ये. नाही म्हणाचं असन तर तेही ये अन् तोंडावर म्हण, मी ऐकून घेईन, तुया नाहीच्या पुढं मी पाय टाकणार नाही. योगेशले हे सांगितलं तर तो प्रणालीले ईचारून सांगतो म्हणे, अन् प्रणाली म्हणे, मले हारावरूनच समजलं होतं. तिच्याच सांगण्यावरून आज फोटोवरचे सारे हार काढले. आशा हासून राहिली. फोटोत ते पहिल्यापासून हासूनच राहिली आहे, पण मी लय दिवसानं पाहिलं.

दुसरी ता. क. सकाळच्या गाडीनं अकोल्याले उतरजो, तथून मी फटफटीवर आणतो. येतांना चिखलदऱ्याची कॉफी भेटली तर मोठा डबा आणजो, पण तो मायापाशी द्याचा, तिले मी देईन. एकटा येऊ नको, चंदाबाईले घेऊनच येजो, एकजण ऑटोनं येईन. अन् योगेशच्या लग्नातला तो निळा सदरा घालू नको. तुये केस अजून काळे आहेत अन् ते रंगाचे नाहीत, हे माणिकबाईले दिसाची काही गरज नाही. टोपी घालजो, हो म्हणजो, अन् जेवाले चंदाबाईच्या बाजूले बसजो.