घरच्या नाकाला न आलेला वास

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या काळजीकडे वळण्याआधी एक कोडं घालते. लांबच्या प्रवासाहून परतून दार उघडलं की क्षणभर आपलंच घर परक्याचं वाटतं, कारण त्याला एक वास असतो. चपला काढून पाणी पिऊन होईतो तो वास नाहीसा होतो. घर तेच, हवा तीच. मग गेलं काय?

गेली ती नाकाची उत्सुकता. नाक हा पहारेकरी आहे. नवा माणूस आला की वर्दी द्यायची, हे त्याचं काम. घरातल्याच माणसांची तो दर घटकेला वर्दी देऊ लागला, तर मालक त्याला कामावरून काढील. म्हणून जो वास मुक्कामाला राहतो, त्याची बातमी मेंदूपर्यंत पोचेनाशी होते. साबणाच्या कारखान्यात वास पारखण्याचा विभाग मी इतकी वर्षं सांभाळते, पण माझ्याकडे कुणालाही सलग नमुने हुंगायची परवानगी नाही. मध्ये बाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभं राहायचं, असा नियमच आहे.

आता तुझा प्रश्न. तुझी लेक, आपली टिटवी, कित्येक महिने त्या नळीतून गांजाच्या अर्काची वाफ ओढत होती आणि एका छपराखाली राहून आपल्याला वास कसा आला नाही, म्हणून तू कपाळ बडवून घेतलं आहेस. ते थांबव. वाफेचा वास धुरापेक्षा मंद असतो, लवकर विरतो. त्यातून तिच्या नळीला फळाचा सुगंध लावलेला. तो हळूहळू आला आणि तुमच्या नाकांनी त्याला घरचाच समजून आत घेतलं. नाकाला दोष नाही. डोळ्यांबद्दल मात्र मी हमी देत नाही. तिच्या जाकिटात सापडलेली ती नळी कुलपात डोकावायची विजेरी आहे असं समजून तू सकाळभर दुकानात तिचं बटण दाबत बसलास, आणि दंतवैद्याकडे काम करणाऱ्या माझ्या भावजयीने ती एका नजरेत ओळखली. हे मी नातेवाइकांत सांगणार आहे.

त्यानंतर तू दोन गोष्टी केल्यास म्हणे. रोज जेवताना व्याख्यान सुरू केलंस, आणि तिच्या खोलीच्या दाराचं कुलूप काढून टाकलंस. साऱ्या गावाला कुलपं बसवणारा माणूस स्वतःच्या लेकीचं कुलूप काढतो, यावर मी काय बोलू? पण व्याख्यानाचं सांगते. कानही पहारेकरीच आहे, बाबा. तुझ्या नाकात त्या वासाचं जे झालं, तेच तिच्या कानात तुझ्या आवाजाचं झालं आहे.

पोरखेळ म्हणून सोडून दे, असं मी मुळीच म्हणत नाही. सोळाव्या वर्षी मेंदूची बांधणी चालू असते. त्या वयात हा अर्क स्मरणशक्तीशी आणि झोपेशी खेळतो, आणि सवयही लवकर जडते. डॉक्टरांना जरूर दाखव. पण तिने बोलावं असं वाटत असेल, तर आधी तिच्या कानांना मोकळ्या हवेत उभं कर. काही दिवस या विषयावर अक्षर काढू नकोस. आणि ते कुलूप परत बसव.

माया आहेच, ती तशीच राहील.
तुझी,
ताई

दि. १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पथ्य पाळतो आहे. ते सोपं नाही. जेवताना तोंड उघडतं, मग ते घासासाठीच उघडलं होतं असं दाखवावं लागतं. बायको म्हणते, दवाखान्यात लोक तोंड उघडत नाहीत म्हणून ती दिवसभर विनवण्या करते, आणि घरी एकाचं मिटावं म्हणून लग्न झाल्यापासून वाट पाहत होती.

कुलूप परत बसवलं. टिटवी शेजारी उभी राहून बघत होती. एक स्क्रू तिरका बसतो आहे, एवढंच म्हणाली आणि आत गेली. स्क्रू तिरकाच होता.

ताई, थट्टा बाजूला ठेवतो. शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की तपासणीतून ओढलं की नाही एवढंच कळेल. का ओढते, ते तिनेच सांगायला हवं, नाहीतर त्यांचेही हात बांधलेले. आणि ती सांगत नाही. भांडत नाही, रडत नाही, काही नाही म्हणते आणि ताट उचलते. कुलपात तार घातली की आत काय अडलं आहे ते माझ्या बोटांना कळतं. हिच्यात काय अडलं आहे ते मला कळेना. पूर्वी तिच्या बडबडीने दुकानातलं गिऱ्हाईक पळायचं, म्हणून तर टिटवी नाव ठेवलं. ही अशीच गप्प राहिली, तर एक दिवस घरात राहूनही आपल्याला परकी होईल, याची धास्ती वाटते.

ती नळी दुकानातल्या लोखंडी पेटीत ठेवली आहे. पेटीला मी स्वतः बनवलेलं सहा पिनांचं कुलूप आहे, त्यातल्या दोन पिना चकवा देणाऱ्या. या धंद्यातल्या कुणालाही ते किल्लीशिवाय उघडता आलेलं नाही. तेवढं एक पक्कं आहे.

तुमचे आशीर्वाद पाठीशी असावेत. सध्या खप जास्त आहे.
आपला,
धाकटा

दि. १६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुरुवात अशीच करायची, नाहीतर तू पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवशील, असं आई म्हणाली. माझ्याबद्दल तुमचा पत्रव्यवहार चालला आहे हे मला माहीत आहे. पत्रं टपालपेटीत टाकायला मलाच पाठवतात.

गुरुवारी दुपारी बाबा एका शाळेची कुलपं बदलायला गेले होते, तेव्हा मी दुकानातली ती लोखंडी पेटी तारेने उघडली. काही काढायला नाही, ठेवायला. माझ्याकडे अजून एक नळी होती, ती कुणालाच सापडली नव्हती. कचऱ्यात टाकली असती तर मीच परत काढली असती. म्हणून पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. ज्या पेटीचं कुलूप मला उघडता येतं तिच्यात ठेवून काय उपयोग, असं तू विचारशील. विचारू नकोस.

शुक्रवारी डॉक्टरांकडे निघताना बाबांनी पेटी उघडली. आत दोन. मी शेजारीच होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मी मनात व्याख्यानाची पहिली ओळ म्हणूनही टाकली. पण त्यांनी विचारलं की चौथी पिन कशी उचललीस. चिडून नाही, आत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी सांगितलं की चकवा देणारी पिन ढकलायची नसते. तारेवरचा ताण जरा सैल करायचा, मग ती आपणच खाली येते. त्यांनी स्टूल ओढलं, मला करून दाखवायला लावलं, मग स्वतः करून बघितलं. जमलं नाही. पुन्हा दाखवलं. हात चालू होते आणि मधेच कसं कोण जाणे, मी बोलायला लागले. परीक्षेपासून मला झोप लागत नाही. आडवी झाले की डोकं पळत सुटतं. वर्गातल्या एकीने दिली. आधी एका झुरक्यात झोप यायची, मग तीन लागायला लागले, आणि आता तीन घेऊनही येत नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. आई खांद्याला पर्स लावून दारात उभी होती, तीही नाही. मग तेच डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जातं.

डॉक्टर म्हणाले, बंद केल्यावर काही दिवस झोप आणखी बिघडेल, चिडचिड होईल, पण हळूहळू बसेल. दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंशी बोलायचं आहे. माझी चिडचिड सुरू झाली आहे. आई म्हणते, पूर्वी ती विनाकारण असायची, आता निदान कारण तरी आहे. बाबांना ते कुलूप तारेने अजून उघडता आलेलं नाही.

माझ्यावरचा लोभ आटवू नकोस, नाहीतर तो वसूल करायला तिकडे येईन.
तुझी,
टिटवी

दि. २३ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या लेकीचं पत्र मिळालं. लाल शाई लागली नाही. एका झुरक्याचे तीन का झाले, ते तिला समजावून सांग: मेंदूलाही रोजच्या पाहुण्याची सवय होते आणि तो त्याला पूर्वीसारखा मान देईनासा होतो. नाकाचा आणि हा प्रकार अगदी एक नव्हे, पण चुलत भावंडं म्हणता येतील. बंद केल्यावर मेंदूची ती सवय मोडायला दिवस लागतात. झोपेचं दुखणं बरंचसं तेच. मध्येच तिचा पाय घसरेलही. घसरला तर तिने तुलाच येऊन सांगावं, एवढं सध्या कमावलं तरी पुष्कळ.

तू मात्र फार फुशारकी मारू नकोस. आजवर तू तिला प्रश्न विचारत होतास खरा, पण प्रत्येकाचं उत्तर तुझ्या खिशात तयार होतं. हे शोभतं का, परिणाम ठाऊक आहेत का. हे प्रश्न नव्हेत, शेपूट लावलेली व्याख्यानं आहेत. चौथ्या पिनेचं उत्तर तुला खरोखर ठाऊक नव्हतं, आणि सोळा वर्षांच्या माणसाला हा फरक आवाजावरून कळतो. कुलूप सोपं असतं, तर तू व्याख्यानच दिलं असतंस.

भावजयीला माझा नमस्कार. तिच्या संयमापुढे माझा लोभ तोकडाच पडेल, तरी आहे तेवढा घ्यावा.
तुझी,
ताई

ता. क. एक साधी चाचणी सांगते, आज जेवताना करून बघ. घरातल्या कुणालाही असा एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही आणि मनापासून हवं आहे. मग उत्तर संपेतो गप्प राहा. उत्तर एका शब्दात आलं, तर प्रश्न खोटा होता. उद्या दुसरा शोध. सांगणाऱ्याचा घास हातातच राहून गार झाला, तर खरा.