एकशे साडेनऊ अंश

५ तारीख

चि. ठकीस,
काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. उरलेली नजर महिनाभराचीच, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याचं तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर रंधा हातात धरवला नाही. काकू म्हणाली, रडायचं तर रडा, पण पोरीचं काम आधी. तुझ्या रसायनाच्या अभ्यासाला लाकडी गोळे पाठवतोय. कार्बनच्या गोळ्याला चार भोकं, चार काड्या, टोकांना हायड्रोजन. पुस्तकातली आकृती समोर ठेवून गुण्याने काटकोन तपासलेत, केसाचा फरक नाही. तोंडी परीक्षा एकोणीसला ना? बोटांनी पाठ कर. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे, वेगळं काय लिहू.
तुझा सुतारकाका

१२ तारीख

ती. काकांस,
सा. न. वि. वि. हे मैत्रिणीकडून लिहवून घेतेय. गोळे सुरेख, पण कोन चुकले. पुस्तकात कार्बन कागदावर चेपलेला असतो. खरं तर त्याचे चार हात एकमेकांपासून जमेल तेवढे लांब पळतात, मधे एकशे साडेनऊ अंश. मला माहीत होतं हो. पण आठवडाभर बोटं नव्वदच घोकत राहिली आणि काल सरावात तोंडातूनही नव्वदच आलं. शिकवणाऱ्या बाईंचा सुस्कारा ऐकू आला. नापास झाले तर वर्गातली जागा जाईल, आणि न दिसणारीला पुन्हा कोण घेणार? बोटांवर भिस्त होती, तीही गेली. राग नाही तुमच्यावर. पण मला न्यायला या.
तुमची ठकी

१५ तारीख

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. न्यायला येत नाही. हट्टी म्हण हवं तर. चाळीस वर्षं काटकोनाची चाकरी केली, दुसरा कोन डोक्यातच आला नाही. पत्र आल्यापासून दोन दिवसांत नऊ गोळे फोडले. गोळ्यावर गिरमिट घसरतं. काकू वैतागून म्हणाली, ठोकळ्याला निदान कोपरे तरी असतात. मग चौकोनी ठोकळा घेतला. आठ कोपऱ्यांतले एक सोडून एक असे चार धरले, प्रत्येकातून थेट मध्यावर भोक पाडलं. मोजलं तर एकशे साडेनऊ. गोल करायला वेळ नाही, तसाच बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. बोटांना आधीचं विसरायला लाव. चुकलं माझं, पोरी. माया आटू देऊ नकोस.
काका

२० तारीख

ती. काका-काकूंस,
सा. न. वि. वि. परीक्षक कागदावर आकृती काढून विचारत होते. पुढे कागद आहे हेच मला बराच वेळ कळलं नाही. मग पाण्याचा कोन विचारला. मी ठोकळ्याच्या दोन काड्या काढल्या. म्हटलं, इथे ऑक्सिजनच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या बसतात, त्या जास्त रेटतात, म्हणून उरलेले दोन हात जवळ येतात, एकशे साडेचारवर. त्यांनी ठोकळा मागून घेतला, खूप वेळ परत दिला नाही. पास केलं.

आज सकाळी खिडकी हाताने शोधावी लागली. दुपारपर्यंत वाट पाहिली, उजेड आला नाही. रडून झालंय. पुढच्या वर्गात बेंझीनची सहा कार्बनांची कडी आहे, प्रत्येक कोन एकशेवीस. ती लवकर लागेल. आणि पत्र आता मोठ्या अक्षरांत लिहू नका काका, वाचून दाखवणाऱ्या मैत्रिणीला साधंही वाचता येतं.
तुमचीच,
ठकी